मिसळणाच्या डब्यातली बटणं

घंटी वाजायला लागली तेव्हा पोरगी माझ्या दोन्ही हातांवर होती, नुकतीच न्हाऊन निघालेली, डोकं ओलं, आणि खाली कढईतनं धूर येत होता. घंटी म्हणजे कसली, कानात खिळा ठोकल्यासारखी. छताला ते गोल पांढरं झाकण असतं ना, त्याच्यातनं. आधी हॉलमधली वाजली, मग बेडरूममधली, मग बाहेर जिन्यातली, आणि सगळ्यात शेवटी पोरगी वाजली. मी तिला छातीशी धरून नुसती गोल गोल फिरत होते. सोफ्यावर फोन उभा केलेला, त्यात माझी आई. इकडं सकाळ तर तिकडं संध्याकाळ. ती म्हणते, "काय गं, चर्चची घंटी का?"

"आई, आग लागली!"

"कुठं?"

"लागली नाही! पण यांना वाटतंय लागली!"

"मग सांग की त्यांना धुरी आहे म्हणून."

कुणाला सांगू? छताला?

धुरी काय असते ते ज्यांना पोरं झालीत त्यांना सांगायला नको. न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा टाकायचा, लसणाची सालं, थोडं वावडिंग, आणि बाळाला वरनं धरायचं, म्हणजे सर्दी धरत नाही, पोट दुखत नाही. आईनं आम्हा सगळ्या भावंडांना दिली, कुणी मेलं नाही. ती इथं माझ्या बाळंतपणाला येणार होती पण तिला व्हिसाच मिळाला नाही, म्हणून ती फोनमधनं बाळंतपण करत होती. कोळसे कुठनं आले विचाराल, तर उन्हाळ्यात आमच्या मराठी ख्रिस्ती फेलोशिपची पार्कात पिकनिक झाली त्यातली अर्धी पिशवी आमच्या डिकीत राहिलेली. मी ते शेगडीवर लाल करून घेतले, लोखंडी कढईत टाकले. इथपर्यंत सगळं बरोबर जमलं. फक्त छताकडं बघायचं राहिलं.

मग मी पोरीला काखेत मारलं, फडक्यानं कढई उचलली, बाल्कनीचं दार पायानं सरकवलं आणि कढई बर्फात ठेवली. फुस्स करून असा पांढरा लोट उठला की समोरच्या बिल्डिंगमधला माणूस खिडकीतनं दोन्ही हात हलवायला लागला. आणि डोक्यावर ठक ठक ठक. वरच्या म्हातारीची काठी. घंटीपेक्षा मला त्या काठीची जास्त भीती वाटली.

बंब आला. एक नाही, दोन. सगळी बिल्डिंग खाली बर्फात उभी, कुणी चादर गुंडाळून, कुणी कुत्रं कडेवर घेऊन, आणि मी पायात चपला, पोरगी आमच्या यांच्या जॅकेटात. मिशिगनमधला फेब्रुवारी. नाकातलं पाणी नाकात गोठतं. एक धिप्पाड बंबवाला माझी कढई बघून आला, हातात कसलंतरी मशीन, म्हणाला काय करत होतीस. माझं इंग्रजी म्हणजे दहावीच्या पुस्तकात जेवढं होतं त्यातलं अर्धं, आणि दहावीला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले. मी म्हणलं, "बेबी बाथ. स्मोक. गुड स्मोक."

तो माझ्याकडं बघायला लागला. मग पोरीकडं. मग त्याच्या जोडीदाराकडं. ॲम्ब्युलन्सवाल्यानं पोरीला तपासलं, बोटाला काहीतरी लावलं, छाती ऐकली, सगळं ठीक निघालं. पोरगी त्याच्या तोंडाकडं बघून हसली. आयुष्यात पहिल्यांदा हसली ती, आणि ते पण त्याच्याकडं बघून. माझ्याकडं बघून हसली असती तर काय बिघडलं असतं?

हे ऑफिसमधनं धावत आले. हे इथं गाडीच्या सीटांची ड्रॉइंगं काढतात, कंत्राटावर आहेत, कंत्राट गेलं की व्हिसा गेला, म्हणून कुठंही जोरात बोलत नाहीत. त्या बंबवाल्याशी हळू हळू बोलले, मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्यांना कळवावं लागतं म्हणे. लहान बाळ होतं म्हणून. मुलांच्या खात्यातनं कुणीतरी येईल."

मुलांचं खातं. आमच्या बायकांत त्याच्याबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं सैतानाबद्दल पण बोललं जात नाही. येतात, बघतात, आणि पोर घेऊन जातात. कुणाचं नेलं, कधी नेलं, कुणाला माहीत नसतं, पण नेतात.

आणि हे सगळं चालू असताना ती म्हातारी गर्दीतनं वाट काढत आली. तिचं ते गाड्यांच्या कारखान्यातलं जुनं निळं जॅकेट, बायकांचं नाही, गड्याचं, गुडघ्यापर्यंत आलेलं. काठी माझ्या छातीकडं रोखून बंबवाल्याला म्हणाली, "हीच! मला माहीत होतं!" आणि मग असं काहीतरी म्हणाली की कुत्र्यावाल्या बाईनं कुत्र्याचे कान झाकले.

तिच्याबद्दल सांगते, म्हणजे तुम्ही उगाच तिची कीव करत बसणार नाही. आम्ही इथं राहायला आल्यापासून तिनं मला एकदाही नीट हाक मारली नाही. तिच्यासाठी माझं नाव 'नो इंग्लिश'. आल्या आल्या तिनं जिन्यात मला काहीतरी विचारलं, मी घाबरून "नो इंग्लिश" म्हणलं, झालं, बारसं झालं. "हे, नो इंग्लिश! तुझ्या घरातनं मेलेल्या माशाचा वास येतो!" आता मासा मेलेलाच होता, बोंबील होते ते, जिवंत कोण तळतं? पोरगी रडली की काठी. मी भजन म्हणलं की काठी. कुकरची शिट्टी झाली की काठी. दिवसभर तिच्या बाल्कनीत सिगरेटी ओढायची आणि थोटकं खाली टाकायची, खाली म्हणजे माझ्या बाल्कनीत, जिथं मी पोरीची दुपटी वाळत घालते. आईनं तिच्या जुन्या साडीचं शिवून पार्सलनं पाठवलेलं दुपटं, त्याला मधोमध भोक पडलं, काळ्या काठाचं. मी ते भोक बोटात घालून वर दाखवलं तर म्हणाली, बाल्कनीत कपडे वाळत घालायचा इथं नियम नाही.

अशा माणसावर प्रीती करायची म्हणे.

हे आम्हाला फेलोशिपमध्ये सांगतात. इथल्या ट्रॉय गावात आमची मराठी ख्रिस्ती माणसं महिन्यातनं एकदा कुणाच्यातरी घरी जमतात, बहुतेक वेळा काकूंच्या, कारण त्यांचं बेसमेंट मोठं आहे. काकू माझ्या जन्माच्या आधीपासून इथं आहेत, सगळ्यांना सल्ला देतात, कुणी मागायची वाट बघत नाहीत. पोरगी पोटात होती तेव्हा काकूंनी एकदा वचन समजावून सांगितलं, ज्यांच्यावर प्रीती करणं जड जातं त्यांच्यावरच करायची, सोप्या माणसांवर काय कुणीपण करतं. मी म्हणलं, "काकू, आमच्या वरती एक आहे."

"बेटा, तिच्यात पण देवाची प्रतिमा आहे."

"ती माझ्या बाल्कनीत सिगरेटी टाकते."

"तू तिच्यासाठी प्रार्थना केलीस का?"

"केली की."

"काय मागितलंस?"

"लवकर ने म्हणलं."

पोरं हसली, काका लोक हसले, हे जमिनीकडं बघायला लागले. काकू हसल्या नाहीत. काकूंनी डोळे मिटून सगळ्यांच्या देखत माझ्यासाठी प्रार्थना केली, माझं हृदय कोवळं व्हावं म्हणून, चांगली लांबलचक, भजी गार होईपर्यंत.

तर बंब येऊन गेल्यावर फेलोशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. प्रार्थनेत आठवण ठेवतो, प्रभू सांभाळील, धीर धरा. आणि त्याच्या पाठोपाठ काकूंचा फोन. पुढची सभा आमच्याकडं ठरलेली, मी छोले भिजवायचे बाजूला काढून ठेवलेले.

"बेटा, सध्या तुमच्याकडं नको."

"का हो काकू?"

"अगं, चौकशी चालू आहे ना. बाकीच्यांचे पण व्हिसे आहेत. कुणी येताजाताना बघितलं, नावं विचारली, उगाच कशाला? प्रार्थना आम्ही करतोच आहोत."

करा. बेसमेंटमध्ये बसून करा. प्रार्थनेला व्हिसा लागत नाही, यायला लागतो. मी फोन ठेवला आणि पोरीला घेऊन कपाटाच्या आणि पलंगाच्या मधल्या जागेत बसले. तिथं बसलं की दारावर कुणी आलं तरी दिसत नाही. हे घरी आले तरी मी तिथंच. म्हणाले, "अगं, त्या खात्यातल्या माणसांना तू कपाटामागं सापडलीस तर काय वाटेल?" खरं होतं ते. पण कपाटामागं बरं वाटत होतं.

खात्याची बाई आली ती दोन दिवसांत आली, ओठातल्या ओठात हसणारी, बूट दारात काढले तिनं, तेवढं मला आवडलं. हे तेव्हा ऑफिसमध्ये होते, सुट्टी मागायची यांची हिंमत झाली नाही. बाईनं टेबलावर फोन ठेवला आणि फोनमधनं मराठी यायला लागलं. दुभाषी बाई होती ती, कुठं बसून बोलत होती देव जाणे, पण बोलणं असं, आमच्या शाळेच्या बाई पण इतकं स्वच्छ बोलत नव्हत्या. "नमस्कार. मी आपल्या संभाषणाचं भाषांतर करणार आहे. आपण निःसंकोच बोलावं." मला इंग्रजीची भीती वाटत होती, आता मराठीची पण वाटायला लागली.

बाईनं विचारलं, धूर कशासाठी. मी सांगितलं. फोनमधलीनं 'ओवा' शब्दापाशी जरा श्वास घेतला आणि काहीतरी सांगितलं. बाईनं फ्रिज उघडला, पोरीचा पाळणा बघितला, डायपर बघितले. पोरगी झोपलेली. मग म्हणाली, तू दिवसभर एकटीच असतेस का, तुला मदतीला कोण आहे, इथं तुला ओळखणारं कोण आहे? मी काकूंचं नाव सांगणार होते. खरंच सांगणार होते. मग म्हणलं, नको, बाकीच्यांचे व्हिसे.

"कुणी नाही," मी म्हणलं.

"त्या म्हणतात की त्यांना इथं ओळखणारं कुणीही नाही," फोन म्हणाला इंग्रजीत, मला तेवढं कळलं, आणि ते इंग्रजीत फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून म्हातारी आत. काठी आधी, मग ती. ती भांडायलाच आली होती, मी जिन्यावर मीठ टाकलं नाही म्हणून, म्हणजे बर्फ वितळायचं मीठ, जे टाकायचं काम माझं नाहीच. संपलं, म्हणलं. आता ही सांगणार, आणि पोरगी गेली. मी पाळणा धरून उभी राहिले.

बाईनं विचारलं, तुम्ही वर राहता का, तुम्हाला या घराबद्दल काही सांगायचं आहे का? म्हातारी बोलायला लागली. भराभर, खोकत, काठी आपटत.

फोनमधनं आवाज आला, "खोलीत आणखी कुणी बोलत आहेत का? त्यांचंही भाषांतर करावं का?"

बाईनं हो म्हणलं.

"ताई, मी केवळ भाषांतर करते आहे, कृपया गैरसमज नसावा," फोन मला म्हणाला. "त्या महिलेचं असं म्हणणं आहे की, 'ही मुलगी मूर्ख आहे. एक विशेषण मी गाळते आहे. हिच्या घराचा वास घाणेरडा आहे. दिवसभर ही त्या बाळाशी बोलत असते. दिवसभर! आणि गाते, अत्यंत वाईट गाते. बाळ रडलं की मी काठी उचलते, पण मी ती आपटायच्या आत बाळ गप्प झालेलं असतं, कारण हिनं त्याला उचललेलं असतं. माझी स्वतःची मुलं आहेत, त्यातलं एकही मला भेटायला येत नाही, त्यामुळे वाईट आई कशी असते हे मला कुणी शिकवू नये. ही मूर्ख आहे, वाईट नाही. त्या बाळाला हात लावायचा नाही.' पुढे त्यांनी जिन्यावरच्या मिठाबद्दल विचारणा केली आहे."

बाईला हसू आलं, तिनं ते गिळलं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, इतक्या तिरस्कारानं की मी पुन्हा पाळणा धरला, आणि गेली. दार उघडंच टाकून गेली, सगळी थंडी आत.

बाई मला सांगून गेली की घरात कोळसा पेटवायचा नाही, त्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेत जातो. हे मात्र मी ऐकलं. आईला पण सांगितलं. आई म्हणाली तुम्ही सगळी मग जगलात कशी. पण धुरी बंद झाली. काही दिवसांनी यांना फोन आला, चौकशी मिटली म्हणून. हे बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला वाटतं रडलेच, नळ बराच वेळ चालू होता.

मी शिरा केला. भरपूर तूप ओतून, बेदाणे घालून, आणि ताटली घेऊन वर गेले. उपकार ठेवायचे नव्हते मला तिचे. म्हातारीनं दार बोटभर उघडलं, ताटलीतला शिरा बोटानं चाखला, "टू स्वीट" म्हणाली आणि ताटली आत घेऊन दार लावलं. गोड आहे तर परत दे ना! ती ताटली माझ्या लग्नातल्या सेटमधली. अजून दिलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी नवं थोटकं बाल्कनीत. मी काकूंना फोनवर म्हणलं, बघा तुमची देवाची प्रतिमा. काकू म्हणाल्या, बेटा, येत्या सभेला तू साक्ष दे, प्रभूनं तुला कसं सोडवलं ते, चौकशी मिटली ना आता, या तुम्ही. मी म्हणलं, प्रभूनं सोडवलं असेल, पण तोंड त्या थेरडीचं वापरलं, हे पण सांगू का? काकू म्हणाल्या ते जरा वगळ.

मग बर्फ वितळायला लागला तेव्हा दुपारी पुन्हा घंटी.

मी आधी माझ्याच छताकडं बघितलं. माझ्याकडं शेगडीवर काहीच नव्हतं, पोरगी दूध पीत होती. घंटी वरची होती. थांबेना. आणि मला सगळ्यात विचित्र काय वाटलं असेल तर काठी वाजत नव्हती. इतका आवाज आणि काठी नाही? मी पोरीला कडेवर घेतलं आणि वर धावले. दार उघडंच. सगळ्या खोलीत धूर, शेगडीवर पातेलं, त्यातलं जे काही होतं त्याचं डांबर झालेलं, खालची चकती लालभडक. इथं गॅस नसतो, लाईटवरची शेगडी असते, ज्वाला दिसत नाही, म्हणून तर कळत पण नाही. म्हातारी खुर्चीत, अंगात ते निळं जॅकेट, हातात रिमोट, टीव्ही बंद. त्या बंद टीव्हीकडं बघत बसलेली.

मी बटण फिरवलं, पातेलं सिंकमध्ये टाकलं, खिडक्या उघडल्या, पोरगी कडेवर किंचाळत होती. म्हातारीनं वळून मला दुसऱ्याच कुणाच्यातरी नावानं हाक मारली. अशी गोड मारली की मी मागं बघितलं कोण आलं म्हणून. मग तिनं नीट बघितलं. "ओह. नो इंग्लिश." तोंड असं पडलं जसं काय मीच तिला फसवलं. आणि मग म्हणाली, माझ्या घरातनं चालती हो, तुझ्या अंगाला वास येतो.

मी चालती झाले. घंटी तोपर्यंत थांबली होती, जिन्यातली वाजलीच नाही म्हणून बंब आला नाही. मी खाली येऊन दार लावते न लावते तोच बिल्डिंगच्या ऑफिसचा माणूस. आमच्या सोसायटीचा मॅनेजर, म्हणजे पोरगंच, केसाला तेल लावल्यासारखं काहीतरी, नेहमी च्युइंगम. धुरीच्या वेळी त्यानं यांना सांगून ठेवलं होतं, पुन्हा झालं तर घर खाली करायचं. वरच्या म्हातारीला पण तसंच सांगितलेलं, तिच्या सिगरेटींवरनं, ते सगळ्या जिन्याला माहीत होतं. बिल्डिंगमध्ये संशयित दोघीच. एक ती, एक मी.

त्यानं नाक वर करून हुंगलं. माझ्या कपड्यांना धुराचा वास होताच. बोट माझ्याकडं केलं, "यू?" बोट वर केलं, "ऑर हर?"

मला कळलं. एवढं इंग्रजी कुत्र्याला पण कळतं. नुसतं बोट वर करायचं होतं मला, बोलायचं पण नव्हतं. आणि खोटं पण नव्हतं ते. माझी पोरगी त्या शेगडीच्या बरोबर खाली झोपते, तिच्या पाळण्यावर नुसतं एक छत आहे. आणि घर गेलं तर पुन्हा ते खातं, पुन्हा ती बाई, आणि या वेळी कुणी काठी आपटत येणार नाही मूर्ख आहे पण वाईट नाही म्हणून सांगायला.

मी म्हणलं, "नो इंग्लिश."

त्यानं पुन्हा विचारलं, हळू, मोठ्यानं, वर बोट, खाली बोट, लहान पोराला चिऊ-काऊ दाखवतात तसं. मी मान हलवली, हसले, येड्यासारखी. "नो इंग्लिश, सर." शेवटी त्यानं च्युइंगम या गालातनं त्या गालात नेलं आणि म्हणाला, "नेक्स्ट टाइम, यू आउट." म्हणजे त्यानं ते माझ्या नावावर टाकलं.

का म्हणलं ते मला विचारू नका. प्रीती-बिती काही नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. मला ती आवडत नाही. आज पण नाही. दार लावल्यावर मला इतका राग आला, तिचा आणि माझा, की मी तशीच पुन्हा वर गेले आणि शेगडीची चारही बटणं उपटली. ती ओढली की निघतात, प्लॅस्टिकची असतात. म्हातारी खुर्चीतनं ओरडते, "थीफ!" मी म्हणलं, "हो, थीफ. गप बस, सटवे." मराठीत म्हणलं. तिला कळलं असणार, कारण तिनं पण तिच्या भाषेत काहीतरी परत केलं.

तेव्हापासून ती बटणं माझ्याकडं, मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या आणि जिऱ्याच्या वाटीच्या मधे. तिला भूक लागली की ती काठी वाजवते. मी पोरगी आणि बटणं घेऊन वर जाते. ती डब्यातलं सूप गरम करते, मी दारात उभी राहून बघते, ती मला शिव्या देते, मी तिला शिव्या देते, पोरगी दोघींकडं बघून हसते, तिला ती भांडणं म्हणजे खेळ वाटतो. मग मी बटणं उपटते आणि खाली येते. कधी भाकरी आणि वरण नेते म्हणजे शेगडीच लागत नाही. खाते, आणि वर म्हणते, नो टेस्ट. हळद बघून नाक मुरडते, आणि ताटली चाटूनपुसून ठेवते. लग्नातली ताटली मात्र दिसत नाही कुठं.

यांना कळलं तेव्हा हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "तुला वेड लागलंय का? तिच्या डोक्यात काही राहत नाही. ऑफिसला सांगून टाक. आपली पोरगी खाली झोपते!"

"सांगितलं तर तिला काढतील."

"काढू दे ना! तुझी कोण लागते ती?"

"कुणी नाही," मी म्हणलं.

आणि यांचं खरं आहे. यांचं सगळं खरं आहे. म्हणूनच मला झोप लागत नाही.

काकूंना हे कुणाकडनंतरी कळलं. त्यांचा फोन आला, आवाज मधासारखा. "बेटा, तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये चांगली केअर मिळेल. कधीकधी सोडून देणं हीच खरी प्रीती असते."

"मग या ना काकू एकदा बघायला. तुम्हाला इंग्रजी येतं, तिच्या पोरांचा पत्ता विचारा, त्यांना फोन करा."

"अगं, माझा गुडघा. आणि तुमच्याकडं जिना."

"गुडघ्यासाठी प्रार्थना करू का?"

त्यांनी फोन ठेवला. हे मला त्यावरनं पण बोलले.

आता उन्हाळा आलाय. बाल्कनीची दारं उघडी असतात, तिच्या सिगरेटचा धूर खाली येतो, आणि मला दर वेळी वाटतं हा सिगरेटचाच आहे ना? बटणं मी काढून आणली, पण काडेपेटी तिच्याकडं आहे. टोस्टर तिच्याकडं आहे. काल मी तो पण मागितला तर तिनं छातीशी धरला, मी पोरगी धरते तसा. पोरगी आता रांगायला लागलीय. रात्री मी हात तिच्या पोटावर ठेवून छताकडं बघते, त्या गोल पांढऱ्या झाकणाकडं, त्याचा बारीक हिरवा दिवा लुकलुकतो. ऑफिसला यांनी सांगितलेलं नाही अजून. म्हणतात, तूच सांग, तू म्हणशील तसं. म्हणजे ते पण माझ्याच गळ्यात.

आत्ता हे सांगतेय आणि वरनं काठी वाजतेय. ठक ठक. थांबली. ठक ठक ठक. भूक लागली असेल, नाहीतर नुसतीच माझ्या नावानं. पोरगी वर बघून टाळ्या वाजवतेय. डबा समोर आहे, फोन पण समोर आहे, ऑफिसचा नंबर त्यात आहे.

तुम्ही शहाणी माणसं आहात, शिकलेली, तुमची पोरं झोपतात त्यांच्यावर कोण राहतं ते तुम्हाला माहीत असेल. तुम्ही असता तर काय केलं असतं?